हाड खाणाऱ्या पेशीला हुकूम कोण देते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दापोली, गुहागर आणि रत्नागिरी या किनाऱ्यालगतच्या तालुक्यांत हाडांच्या ठिसूळपणाविषयी बोलण्याचे प्रसंग मला गेली काही वर्षे वरचेवर येतात. शरीरक्रियाशास्त्र शिकवणे हा माझा व्यवसाय. त्यामुळे औषधाच्या चिठ्ठीपेक्षा त्या चिठ्ठीमागचे कारण सांगणे हेच माझ्या वाट्याला येते. समोर बसलेल्यांत पन्नाशी ओलांडलेल्या बायका बहुसंख्य असतात, आणि त्यांतील निदान चार-पाच जणींच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून आणलेले रिपोर्ट असतात. प्रश्न बहुधा तेच असतात. त्यांची उत्तरे एकदा सविस्तर लिहून ठेवावीत, म्हणून हे पान.

हाडे झिजतात म्हणजे नेमके काय होते?

‘झीज’ हा शब्द आपल्या तोंडात बसलेला आहे, पण तो थोडा फसवा आहे. देवळाची पायरी पावलांनी झिजते किंवा कोयता घासून झिजतो, तसे हाड घर्षणाने झिजत नाही. गुडघ्यातील कूर्चेची गोष्ट वेगळी; येथे बोलणे हाडाविषयी आहे. हाड जिवंत पेशी विरघळवतात, आणि ते काम त्या ठरवून, ठरलेल्या जागी, कोणाच्या तरी सांगण्यावरून करतात.

आपल्याकडे परसाभोवती जांभ्या दगडाचा गडगा असतो. पावसाळ्याआधी त्याची पाहणी करताना ढिले झालेले दगड आधी उतरवावे लागतात आणि मगच त्या जागी नवे बसवता येतात. ढिल्या दगडावर नवा दगड रचणारा माणूस जुलैमध्ये पस्तावतो. हाडाचेही तसेच आहे. जुना, बारीक भेगा पडलेला भाग अस्थिभक्षक पेशी, म्हणजे ऑस्टिओक्लास्ट, काढून टाकतात आणि मागाहून अस्थिजनक पेशी, म्हणजे ऑस्टिओब्लास्ट, तेथे नवे हाड भरतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा भाग दर वर्षी असा बदलला जातो. मात्र या दोन कामांचा वेग सारखा नाही. एका जागी खोदकाम दोन-तीन आठवड्यांत आटोपते, तर तोच खड्डा भरून त्यात क्षार मुरायला तीन-चार महिने लागतात. त्यामुळे एकाच वेळी फार जागी खोदकाम सुरू झाले की भरणारे मागे पडतात. ठिसूळपणाचा उगम बहुतेक वेळा येथेच असतो.

ही पेशी दिसते कशी आणि हाड खाते कसे?

सूक्ष्मदर्शकाखाली ती ओळखायला विद्यार्थ्यांना फार वेळ लागत नाही. गुलाबी रंगवलेल्या हाडाच्या कडेला चमच्याने खरवडल्यासारखा एक खळगा दिसतो आणि त्या खळग्यात एक अवाढव्य पेशी पसरलेली असते. शेजारच्या पेशींना एकेक केंद्रक असते. हिच्यात मात्र पाच, दहा, कधी वीस जांभळे ठिपके एकाच पोटात दिसतात, कारण अनेक लहान पेशी एकमेकींत मिसळून ती तयार झालेली असते.

कामाला लागताना ती हाडाला अशी चिकटते की कडेने काहीही बाहेर झिरपू नये. ओहोटीला खडकावरची कालवे काढणाऱ्यांना हा प्रकार सांगावा लागत नाही: कडा खडकाला घट्ट, आणि आत बंद पोकळी. या बंद जागेत पेशी आम्ल सोडते. तेथील सामू (पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा) साडेचारच्या आसपास उतरतो आणि हाडातील चुन्याचे क्षार विरघळतात. कोंबडीच्या तंगडीचे हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले तर ते रबरासारखे वाकते, कारण क्षार निघून जातात आणि प्रथिनांचे जाळे तेवढे उरते. अस्थिभक्षक पेशी तेवढ्यावर थांबत नाही. ते जाळेही ती कॅथेप्सिन-के नावाच्या विकराने कापून काढते. या पेशीचे आयुष्य साधारण दोन आठवड्यांचे मानले जाते.

ती हाडातच जन्मते का?

नाही. ती रक्तपेशींच्या कुळातील आहे. जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी ज्या पूर्वज पेशींपासून होतात, त्यांच्यापासूनच ही होते. तिचे मूळ अस्थिमज्जेत आणि प्लीहेत (पाणथरीत) सापडते. १९७०च्या दशकात डोनाल्ड वॉकर यांनी हे उंदरांवर फार सुरेख रीतीने दाखवले. हाड खाल्लेच जात नसल्यामुळे सांगाडा दगडासारखा भरीव झालेल्या उंदरांना त्यांनी निरोगी उंदरांच्या मज्जेतील किंवा प्लीहेतील पेशी दिल्या आणि त्यांची हाडे पुन्हा पोकळ होऊ लागली.

परंतु पूर्वज पेशी असणे पुरेसे नाही. तिला जगवण्यासाठी आणि तिची संख्या वाढवण्यासाठी एम-सीएसएफ नावाचा एक संदेशरेणू लागतो. हा रेणू नसलेल्या उंदरांच्या एका जातीत अस्थिभक्षक पेशी जवळजवळ होतच नाहीत आणि दातही हिरडीबाहेर येत नाहीत, कारण दाताला वर येण्यासाठी त्याच्या माथ्यावरचे हाड कोणीतरी खावे लागते. एम-सीएसएफ पेशीला जगवतो. हाड खाण्याचा हुकूम मात्र दुसराच रेणू देतो.

मग हुकूम कोण देते?

या विषयातील सर्वांत रंजक भाग हाच आहे, आणि माझ्या मते बहुतेक गैरसमज येथेच सुटतात. हुकूम देतात त्या हाड बांधणाऱ्या पेशी आणि त्यांचीच हाडात गाडली गेलेली भावंडे.

ही कल्पना १९८१ साली गिडियन रोडान आणि जॅक मार्टिन यांनी मांडली. हाडाची झीज वाढवणाऱ्या संप्रेरकांचे (हार्मोन्सचे) ग्राही, म्हणजे त्यांचा निरोप पकडणारे रेणू, अस्थिभक्षक पेशींवर शोधूनही नीट सापडत नव्हते, पण अस्थिजनक पेशींवर मात्र ते भरपूर होते. संप्रेरक बांधणाऱ्याशी बोलते आणि बांधणारा खाणाऱ्याला निरोप पोहोचवतो, असा तर्क त्यांनी केला. १९८८ मध्ये जपानमधील ताकाहाशी, सुदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अस्थिजनक पेशी आणि प्लीहेतील पेशी एकाच बशीत वाढवल्या, तेव्हा अस्थिभक्षक पेशी तयार झाल्या. मध्ये पातळ पडदा घालून दोघींचा स्पर्श तोडला, तेव्हा झाल्या नाहीत. म्हणजे निरोप हातात हात देऊनच जात होता.

तो हात सापडायला आणखी दहा वर्षे लागली, आणि गंमत अशी की आधी सापडला तो त्याला अडवणारा. १९९७ मध्ये अमेरिकेतील एका औषध कंपनीला आणि जपानमधील स्नो ब्रँड या दुधाच्या कंपनीच्या संशोधकांना स्वतंत्रपणे एकच प्रथिन मिळाले. ते असले की अस्थिभक्षक पेशी बनत नाहीत. त्याचे नाव पुढे ऑस्टिओप्रोटेजेरिन, थोडक्यात ओपीजी, असे रूढ झाले. ते कशाला अडवते याचा माग काढता काढता १९९८ मध्ये रँक-एल हे हुकूम देणारे प्रथिन हाती लागले. रँक-एल पूर्वज पेशीवरील ‘रँक’ या ग्राहीला जोडला गेला की आत निरोपांची साखळी सुरू होते, एनफॅट-सी-वन नावाचे मुख्य प्रथिन जागे होते आणि पेशी एकमेकींत मिसळून हाड खाण्याची सामग्री जमवू लागतात. ओपीजी हे मधल्या मधे रँक-एलला कवटाळून बसते. मग ग्राहीपर्यंत पोहोचायला कोणी उरतच नाही.

यापुढील जवळजवळ प्रत्येक उत्तरात हे दोन रेणू येतील. रँक-एल किती आणि ओपीजी किती, या प्रमाणावर हाड किती खाल्ले जाईल हे मुख्यतः ठरते, आणि बहुतेक संप्रेरके हे प्रमाण इकडे-तिकडे ढकलण्याचेच काम करतात.

परावटू ग्रंथीचे संप्रेरक हाड खाते, असे आम्हाला सांगितले गेले. ते चूक आहे का?

अर्धे बरोबर आहे. गळ्यात अवटू (थायरॉइड) ग्रंथीच्या मागे साधारण तांदळाच्या दाण्याएवढ्या चार परावटू ग्रंथी असतात. रक्तातील कॅल्शियम त्या अखंड मोजत असतात. दर १०० मिलिलिटर रक्तद्रवामागे ते साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम असावे लागते, कारण हृदयाचे ठोके आणि मज्जातंतूंचे काम त्यावर चालते. ते जरा उतरले की काही मिनिटांतच परावटू संप्रेरक सुटते. मूत्रपिंडाला ते कॅल्शियम राखायला सांगते, ड जीवनसत्त्वाचे क्रियाशील रूप तयार करायला लावते आणि हाडातील अस्थिजनक पेशींना व अस्थिपेशींना, म्हणजे हाडात गाडल्या गेलेल्या त्यांच्या भावंडांना, रँक-एल वाढवायला व ओपीजी कमी करायला सांगते. हाड खाल्ले जाते, पण संप्रेरकाने खाणाऱ्याला हात लावलेला नसतो.

हे संप्रेरक थांबतच नसेल तर काय होते, याचे वैद्यकाच्या इतिहासातील प्रसिद्ध उदाहरण एका दर्यावर्दीचे आहे, म्हणून किनाऱ्यावरच्या लोकांना मी ते आवर्जून सांगतो. चार्ल्स मार्टेल हे अमेरिकी व्यापारी जहाजावरचे कप्तान. धिप्पाड माणूस, पण हाडे मोडत गेली, पाठीचा कणा खचत गेला आणि उंची सुमारे सात इंचांनी घटली. परावटू ग्रंथीची गाठ शोधण्यासाठी त्यांच्यावर एकामागून एक सात शस्त्रक्रिया झाल्या. सहा वेळा गळा शोधूनही गाठ मिळाली नाही. १९३२ मध्ये सातव्या वेळी ती छातीत सापडली. दरम्यान मूत्रपिंडात खडे झालेलेच होते, आणि त्यांच्यावरील उपचारांनंतर त्याच वर्षी ते वारले. आज मुतखडा वारंवार होणाऱ्या माणसाच्या रक्तातील कॅल्शियम तपासले जाते, त्यामागे अशा रुग्णांचा इतिहास आहे.

आणि तेच संप्रेरक हाड भरायला इंजेक्शनने कसे देतात?

अगदी योग्य शंका. टेरिपॅराटाइड हे औषध म्हणजे परावटू संप्रेरकाच्या प्रथिन-साखळीतील पहिले ३४ दुवे; अमेरिकेत त्याला २००२ मध्ये मान्यता मिळाली. ते दिवसातून एकदा २० मायक्रोग्रॅम टोचतात. रक्तात ते थोडा वेळ चढते आणि उतरते. अशा अधूनमधूनच्या लाटेने अस्थिजनक पेशी जास्त जगतात, जास्त बनतात आणि बांधकामाला सुरुवातीला चांगली आघाडी मिळते. लाट न ओसरता पाणी तुंबून राहिले, तर मात्र खाणाऱ्यांचे फावते. संदेशाचा अर्थ संदेशात जेवढा असतो, तेवढाच तो किती वेळ चालू राहतो यातही असतो. भरतीच्या पाण्यावर जगणाऱ्या खाजणाला हे नवे नाही.

कॅल्शियम कमी खाल्ले तर शरीर हाडातून काढून घेते, हे खरे का?

खरे आहे. शरीरातील ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते, आणि रक्ताची पातळी राखताना शरीर हाडाची पर्वा करत नाही. आपल्या भागात यावर उपाय घरातच असतात: नाचणीत दर १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, आणि काट्यासकट खाल्ले जाणारे बारीक मासे व सुकट हेही त्याचे चांगले स्रोत आहेत. सुरमईची तुकडी चविष्ट असली तरी काटा बाजूला काढल्यावर तिच्यातून कॅल्शियम फारसे मिळत नाही. सुकटीत मीठ बरेच असते. रक्तदाब असणाऱ्यांनी ते ध्यानात ठेवावे.

आमच्याकडे ऊन एवढे असताना ड जीवनसत्त्व कमी कसे?

भारतातील अनेक पाहण्यांत भरपूर उन्हाच्या भागांतही ही कमतरता मोठ्या प्रमाणात आढळली आहे. सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात हे जीवनसत्त्व तयार करणारे किरण फारसे नसतात. ते दुपारच्या आगेमागे असतात, आणि त्या वेळी आपण घरात किंवा सावलीत असतो. सावळ्या त्वचेला जास्त वेळ लागतो, अंगावर कपडा पूर्ण असतो आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत आभाळ भरलेले असते.

हाड खाणाऱ्या पेशीशी या जीवनसत्त्वाचे नाते मात्र सरळ नाही. त्याचे क्रियाशील रूप अस्थिजनक पेशींना रँक-एल वाढवायला सांगते, म्हणजे कागदावर ते हाड खाणाऱ्यांच्या बाजूचे. तरीही ते कमी पडले की आतड्यातून कॅल्शियम शोषले जात नाही, परावटू ग्रंथी खवळतात आणि हाड त्याहून कितीतरी जास्त खाल्ले जाते. म्हणून योग्य पातळीत ते हाडाचे रक्षणच करते. याचा अर्थ जास्त घेतले तर जास्त रक्षण, असा नव्हे. आठवड्यातून एकदा घ्यायच्या ६०,००० युनिटच्या पुड्या काही जण महिनोन्महिने रोज घेतात, तेव्हा रक्तातील कॅल्शियम धोकादायक पातळीवर चढून रुग्णालयात दाखल होण्याची वेळ येते.

हाड खाणाऱ्या पेशीला थेट थांबवणारे एखादे संप्रेरक आहे का?

आहे, कॅल्सिटोनिन. कॅनडातील हॅरल्ड कॉप यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ते ओळखले. अवटू ग्रंथीतील काही पेशी ते तयार करतात आणि त्याचे ग्राही खुद्द अस्थिभक्षक पेशीवर असतात. ते जोडले गेल्यावर हाडाला भिडलेली तिची चुणीदार कडा काही मिनिटांत आक्रसते आणि काम थांबते.

मग ठिसूळपणावर याहून सोपे औषध कोणते, असे वाटेल. परंतु पेशी फार लवकर निर्ढावते. काही दिवसांतच ती आपले ग्राही आत ओढून घेते आणि पुन्हा कामाला लागते. शिवाय अवटू ग्रंथी पूर्ण काढलेल्या माणसांची हाडे केवळ कॅल्सिटोनिन नसल्यामुळे ढासळत नाहीत. माणसाच्या शरीरात त्याचे दैनंदिन महत्त्व बेताचेच दिसते.

औषध म्हणून वापरले जाते ते सॅमन माशाचे कॅल्सिटोनिन, कारण ते माणसाच्या कॅल्सिटोनिनपेक्षा जास्त प्रभावी ठरते. हे सांगितले की सभेत कोणीतरी हमखास विचारते, ‘मग रावस खाल्ला तर?’ रावसाला इंग्रजीत भारतीय सॅमन म्हणतात खरे, पण त्याचे आणि सॅमनचे कूळ वेगळे. आणि सॅमन जरी मिळाला तरी प्रथिनजातीचे हे संप्रेरक पोटात पचून जाते. रावस त्याच्या चवीसाठी खावा.

पाळी गेल्यावरच हाडे का ढासळतात?

रजोनिवृत्ती आणि ठिसूळ हाडे यांचा संबंध फुलर ऑल्ब्राइट यांनी १९४०च्या सुमारास दाखवला. त्याचे कारण समजायला मात्र रँक-एल सापडावा लागला. इस्ट्रोजेन हे संप्रेरक अनेक ठिकाणी एकदम लगाम धरून असते. ते अस्थिजनक पेशींकडून येणारा रँक-एल आटोक्यात ठेवते व ओपीजीला बळ देते. रोगप्रतिकारक पेशींकडून सुटणारे इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ आणि टीएनएफ हे दाह वाढवणारे रेणू दाबून ठेवते. आणि अस्थिभक्षक पेशींना वेळेवर मरायलाही लावते. पाळी गेली की हे सगळे लगाम जवळजवळ एकदमच सुटतात. खाणाऱ्या पेशी संख्येने वाढतात आणि आयुष्यानेही वाढतात. म्हणून पहिल्या पाच-सहा वर्षांत हाडाचा ऱ्हास झपाट्याने होतो, मणक्यात वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपासही. पुढे तो मंदावतो. मणक्यातील जाळीदार हाडाला पृष्ठभाग जास्त असल्यामुळे फटका आधी तेथे बसतो. लुगड्याचे काठ अलीकडे जमिनीला टेकू लागले, असे एका आजींनी मला सांगितले होते. उंची कमी झाल्याचे इतके नेमके वर्णन मी रिपोर्टात वाचलेले नाही.

पुरुष यातून सुटलेले नाहीत. त्यांच्या शरीरातही टेस्टोस्टेरॉनपासून थोडे इस्ट्रोजेन तयार होते आणि त्यांची हाडे बऱ्याच अंशी त्याच्यावरच उभी असतात. १९९४ मध्ये इस्ट्रोजेनचा ग्राहीच काम करत नसलेल्या एका तरुणाची नोंद प्रसिद्ध झाली. टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित असूनही त्याची हाडे ठिसूळ होती आणि वाढीची टोके विशी उलटली तरी बंद झालेली नव्हती.

अंगावर पाजणाऱ्या आईची हाडे कमकुवत होतात का?

काही काळ होतात. स्तनातून परावटू संप्रेरकासारखे काम करणारे एक प्रथिन सुटते आणि त्याच काळात इस्ट्रोजेनही कमी असते. दोन्हींमुळे रँक-एल वाढतो आणि हाडातील कॅल्शियम दुधात जाते. मणक्याची घनता साधारण ३ ते १० टक्क्यांनी उतरू शकते. दूध तोडल्यानंतर बहुतेक स्त्रियांत ती काही महिन्यांत भरून येते, त्यामुळे या भीतीने पाजणे बंद करण्याचे कारण नाही.

सांधेवाताने किंवा हिरड्यांच्या आजाराने हाड का खाल्ले जाते?

रोगप्रतिकारक पेशीही रँक-एल तयार करतात. आमवाती संधिवातात सांध्याच्या अस्तरातील दाहामुळे टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ आणि इंटरल्यूकिन-१७ यांचा पूर येतो, तेथील पेशी रँक-एल देऊ लागतात आणि बोटांच्या सांध्यांची हाडे कडेने कुरतडली जातात. टीएनएफला अडवणारी औषधे सूज तर कमी करतातच, हाडही वाचवतात, त्याचे कारण हे.

हिरड्यांमध्ये हेच छोट्या प्रमाणात घडते. दाताच्या मुळाशी जंतूंचा थर साचतो, शरीर त्याच्याशी लढते आणि या लढाईत सुटलेल्या रेणूंमुळे दाताला धरून ठेवणारे हाड खाल्ले जाते. दात किडलेला नसतानाही तो हलतो तो यामुळे. आपल्याकडे वयस्क बायकांत मिश्री लावण्याची सवय अजून आहे, आणि ‘मिश्रीने हिरड्या घट्ट होतात’ ही समजूत तिच्याहून चिवट आहे. भाजलेली असली तरी मिश्री ही तंबाखूच. तंबाखूने हिरड्यांचा आजार बळावतो आणि दाताभोवतीचे हाड जास्त जाते.

दम्याच्या किंवा सांधेदुखीच्या स्टिरॉइड गोळ्यांचे काय?

स्टिरॉइड अस्थिभक्षक पेशींचे आयुष्य वाढवतात, रँक-एलचे पारडे जड करतात आणि त्याच वेळी बांधणाऱ्या पेशी मारतात. पहिल्या काही महिन्यांतच हाडे मोडण्याचा धोका वाढतो. तरीही या गोळ्या स्वतःच्या मनाने एकाएकी बंद करणे जिवावर बेतू शकते. डॉक्टरांना हाडांविषयी विचारावे, गोळ्या चालूच ठेवाव्यात.

चालण्या-वाकण्याने हाडाला काय कळते?

हाडाच्या आत लाखो अस्थिपेशी गाडलेल्या असतात आणि बारीक फांद्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. वजन पडले की हाड किंचित लवते, आतील द्रव हलतो आणि या पेशींना ते जाणवते. २०११ मध्ये दोन संशोधन-गटांनी दाखवले की प्रौढ हाडात रँक-एलचा मोठा पुरवठा या गाडलेल्या पेशींकडूनच होतो. बांधकामाला अडवणारे स्क्लेरोस्टिन नावाचे प्रथिनही त्याच सोडतात. भार पडला की स्क्लेरोस्टिन कमी होते. अंथरुणाला खिळलेल्या माणसात उलटे घडते. अंतराळवीरांच्या खुब्याचे हाड महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते, ते वजनच न पडल्यामुळे. पाखाडीच्या पायऱ्या रोज चढणाऱ्यांनी याची काळजी करू नये. पोहणे हृदयाला उत्तम आहे, पण पाण्यात वजन हलके होत असल्यामुळे हाडाला त्याचा फायदा कमी.

ही पेशी पूर्णपणे बंदच करून टाकली तर?

निसर्गाने ते करून पाहिले आहे. अस्थिभक्षक पेशी काम करत नसलेली मुले जन्मतात. त्यांची हाडे क्ष-किरणात खडूसारखी पांढरी, भरीव दिसतात आणि तरीही सहज मोडतात. मज्जेला जागा उरत नाही, कवटीतील छिद्रे अरुंद होऊन दृष्टी जाते. अशा अनेक मुलांना मज्जा-प्रत्यारोपणाने बरे करता येते, कारण त्यांच्यात दोष खाणाऱ्या पेशीत असतो. परंतु ज्या थोड्या मुलांत रँक-एलच्या जनुकात दोष असतो, त्यांना दुसऱ्याची मज्जा देऊन हाडात सुधारणा होत नाही. खाणाऱ्या पेशी चांगल्या मिळाल्या, तरी त्यांना हुकूम देणाऱ्या पेशी मुलाच्या स्वतःच्याच राहतात.

कॅथेप्सिन-के बंद करणारे ओडानाकॅटिब हे औषध मोठ्या चाचणीत हाडे मोडण्याचे प्रमाण कमी करत होते. पण पक्षाघाताचा धोका वाढल्याचे दिसल्यावर २०१६ मध्ये कंपनीने ते सोडून दिले.

आठवड्याच्या गोळीबरोबर एवढी पथ्ये का?

अलेंड्रोनेटसारखी बिस्फॉस्फोनेट औषधे हाडाच्या पृष्ठभागावर जाऊन चिकटतात. अस्थिभक्षक पेशी हाडाबरोबर ते गिळते आणि तिचे आतले काम बिघडून ती निकामी होते. पोटातून मात्र त्याचा एक टक्काही जेमतेम शोषला जातो, आणि अन्नाबरोबर तेवढाही नाही. म्हणून सकाळच्या पेजेआधी, चहाच्याही आधी, भरपूर साध्या पाण्याबरोबर ती घ्यावी आणि निदान अर्धा तास आडवे होऊ नये. गोळी अन्ननलिकेत अडकली तर तेथे जखम करते. दात काढायचा असेल तर या औषधांविषयी दंतवैद्यांना आधी सांगावे, कारण क्वचित जबड्याचे हाड भरून येत नाही.

हाडाच्या झिजेची रक्ततपासणी कधी करावी?

सीटीएक्स ही तपासणी खाल्ल्या गेलेल्या हाडातील प्रथिनाचे तुकडे मोजते. जेवणानंतर हा आकडा उतरतो, आणि दिवसभरातही तो बदलत असतो. म्हणून रक्त सकाळी, रात्रभरच्या उपाशीपोटी द्यावे. दुपारी एसटीने शहरात पोहोचून, वाटेत वडापाव खाऊन दिलेल्या रक्ताचा आकडा आधीच्या रिपोर्टशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

सहा महिन्यांच्या इंजेक्शनची तारीख चुकली तर चालते का?

चालत नाही, आणि हे उत्तर मी घरच्या अनुभवावरून देतो. डेनोसुमॅब हे औषध म्हणजे रँक-एलला पकडणारे प्रतिपिंड. ओपीजी जे काम करते तेच ते करते, फक्त कितीतरी जास्त दिवस. अमेरिकेत २०१० मध्ये त्याला मान्यता मिळाली. ६० मिलिग्रॅमचे इंजेक्शन सहा महिन्यांतून एकदा दंडात किंवा पोटाच्या त्वचेखाली देतात आणि खाणाऱ्या पेशींचे काम जवळजवळ ठप्प होते. बिस्फॉस्फोनेट हाडात वर्षानुवर्षे राहते. हे राहत नाही. रक्तातून ते गेले की थोपवून धरलेला रँक-एल मोकळा होतो. २०२१ मध्ये उंदरांवरील अभ्यासात असेही दिसले की अस्थिभक्षक पेशी नेहमी मरतच नाहीत. काही फुटून लहान पेशी होतात आणि वेळ येताच पुन्हा एकत्र येतात. रँक-एल अडलेला असताना अशा पेशी साठत जातात. औषध उतरल्यावर त्या सगळ्या एकदम कामाला लागल्या, तर हाडाचा ऱ्हास उपचारापूर्वीपेक्षाही वेगाने होतो. वर्ष-दोन वर्षांत कमावलेले गमावले जाते, आणि काहींचे अनेक मणके एकापाठोपाठ दबतात.

माझ्या मावशीला तिसरे इंजेक्शन भाद्रपदात घ्यायचे होते. आधी गणपती होते, मग पाऊस, मग मुलगा मुंबईला परतला आणि तिला शहरात नेणारे कोणी उरले नाही. ‘दुखत नाही ना, मग घाई कसली?’ असे ती म्हणाली आणि आम्हीही मान डोलावली. कार्तिकात चिऱ्यावर ठेवलेली पाण्याची कळशी उचलताना तिच्या पाठीत कळ आली. फोटोत दोन मणके दबलेले निघाले, आणि पुढच्या महिन्यात तिसरा. माझ्या विषयातली गोष्ट माझ्याच घरात मला वेळेवर आठवली नाही.

इंजेक्शनला उशीर झालाच तर तो मागील इंजेक्शनपासून सात महिन्यांपलीकडे जाऊ देऊ नये. औषध थांबवायचे असेल तर नुसते थांबवू नये. त्याच्या मागोमाग बिस्फॉस्फोनेट सुरू करण्याची पद्धत आहे, आणि ते कोणते व किती काळ हे डॉक्टर ठरवतात. मावशीच्या स्वयंपाकघरात आता दिनदर्शिकेच्या फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या पानांवर हळदीच्या बोटाने केलेला ठिपका असतो, आणि त्याच्या शेजारी नेणाऱ्याचे नाव आधीच लिहिलेले असते.